रंग जुळला, पण दात जुळला नाही



आजचा लेख वाचण्याआधी दोन मिनिटांचं एक काम करा. मोबाईलचा टॉर्च घ्या, आरशासमोर उभे राहा आणि वरच्या मधल्या दोन दातांपैकी एकाकडे नीट बघा. आपण सहज 'पांढरे दात' म्हणतो, पण पांढरा रंग नेमका कुठे दिसतोय? हिरडीजवळ दात पिवळसर-तांबूस असतो, मध्यावर फिकट पिवळा आणि खालच्या कडेला पातळशी निळसर-राखाडी पट्टी. घरात छोटा पेन-टॉर्च असेल तर तो तोंडात धरून दातावर मागून प्रकाश टाका. मघाशी निळसर दिसलेली कड आता नारिंगी दिसेल. दात तोच आणि जागाही तीच, फक्त प्रकाशाची दिशा बदलली.

माझी पीएचडी या एका दाताच्या नकलेवर चालू आहे. मी मूळची भौतिकशास्त्राची. एम.एस्सी. होईपर्यंत मला वाटायचं की दाताची कॅप हा डॉक्टरांचा विषय आहे, त्यात आपण काय करणार? आता तिसरं वर्ष संपत आलंय आणि मत पार बदललंय. दातासारखा दिसणारा सिरॅमिक क्राऊन म्हणजे प्रकाशाचं विकिरण, अपवर्तनांक, स्फटिकांची वाढ, औष्णिक प्रसरण आणि सांख्यिकी, सगळं दीड मिलिमीटर जाडीत कोंबलेलं.

हा लेख संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी आहे. म्हणून क्राऊन कसा बनतो हे तर सांगतेच, पण त्यात मी केलेली एक चूकही सांगणार आहे. ती अजून थोडी टोचते.

एकच दात एवढा अवघड का?

समोरच्या सहाही दातांना क्राऊन बसवायचे असतील तर काम तुलनेनं सोपं. ते एकमेकांशी जुळले की झालं. पण मधल्या दोन दातांपैकी एकच तुटला असेल तर त्याचा खरा जोडीदार अगदी खेटून उभा असतो. माणसाचा डोळा दूरदूरच्या दोन रंगांची तुलना करताना चुकतो, पण शेजारी ठेवलेल्या दोन गोष्टींमधला फरक पटकन पकडतो. म्हणून एकट्या मधल्या दाताचा क्राऊन ही लॅबमधल्या कारागिरांची खरी परीक्षा मानली जाते.

दात प्रकाशाचं काय करतो?

दाताचे दृष्टीला महत्त्वाचे असे दोन थर. वरचं इनॅमल वजनानं साधारण ९६ टक्के खनिज, म्हणजे हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटचे बारीक स्फटिक. आतलं डेंटिन सुमारे ७० टक्के खनिज, बाकी कोलॅजन आणि पाणी. दाताचा पिवळसर रंग मुख्यतः डेंटिनचा. इनॅमल त्यावर दुधी काचेसारखं बसलेलं असतं. कडेला ते जाड असतं आणि मागे डेंटिन जवळजवळ नसतं, म्हणून तिथे निळसर झाक. हिरडीजवळ ते अगदी पातळ होतं, म्हणून तिथे डेंटिनचा रंग उठून दिसतो.

यात तीन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्या.

पहिली, अर्धपारदर्शकता. किती प्रकाश आरपार जातो आणि किती आतल्या आत विखुरला जातो, हे दोन शेजारी पदार्थांच्या अपवर्तनांकात किती तफावत आहे यावर बरंचसं ठरतं. पांढरं सुती कापड ओलं झालं की त्यातून आरपार दिसायला लागतं, आठवतंय? धाग्यांमधली हवा जाऊन तिथे पाणी येतं, तफावत कमी होते, विकिरण घटतं. इनॅमलचं अगदी हेच, पण उलट दिशेनं. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.६२, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. खुर्चीत तोंड उघडं ठेवून दात कोरडा पडला की सूक्ष्म फटींतलं पाणी जाऊन हवा येते आणि दात जास्त पांढरा दिसू लागतो. म्हणून शेड बघायची ती अगदी सुरुवातीला, दात ओला असतानाच. शेवटी बघितली तर क्राऊन गोरा होतो.

दुसरी, ओपल खड्यासारखी झाक. बारीक स्फटिक निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि तांबडा पुढे जाऊ देतात. समोरून बघितलं तर निळसर, मागून प्रकाश टाकला तर नारिंगी. आकाश दिवसा निळं आणि मावळतीला तांबडं दिसतं, त्यामागचं तत्त्व जवळपास हेच.

तिसरी, प्रतिदीप्ती. अतिनील प्रकाशात खरा दात निळसर-पांढरा उजळतो. लग्नातल्या डीजेच्या जांभळ्या दिव्यांखाली कुणी हसताना एखादाच दात काळा दिसला, तर तो बहुधा प्रतिदीप्ती नसलेला क्राऊन असतो. एकेकाळी ही चमक आणण्यासाठी पोर्सेलिनमध्ये युरेनियमची संयुगं घालत. किरणोत्साराच्या काळजीमुळे ती मागे पडली आणि त्यांच्या जागी दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांची संयुगं आली.

रंगाला आकडा कसा द्यायचा?

दवाखान्यात तुम्ही दातांच्या नमुन्यांची पट्टी पाहिली असेल. नेहमीच्या व्हिटा क्लासिकल पट्टीत १६ छटा असतात : ए गट तांबूस-तपकिरी, बी तांबूस-पिवळा, सी राखाडी आणि डी तांबूस-राखाडी. पण 'ए२' हे नाव झालं, मोजमाप नव्हे. संशोधनात आपण १९७६ साली आलेली सीआयई-लॅब पद्धत वापरतो. त्यात एल म्हणजे उजळपणा, ए म्हणजे हिरवा ते तांबडा आणि बी म्हणजे निळा ते पिवळा. या तीन आकड्यांनी रंगाला अवकाशात एक बिंदू मिळतो आणि दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे डेल्टा ई, म्हणजेच रंगफरक. आता त्याचं सुधारित सूत्र, सीआयईडीई-२०००, जास्त वापरतात.

किती फरक चालतो? पॅराविना आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली अनेक केंद्रांवर केलेल्या अभ्यासात या सुधारित सूत्रानं ०.८ ही 'निम्म्या लोकांच्या लक्षात येतो' अशी मर्यादा निघाली आणि १.८ ही 'निम्म्या लोकांना चालतो' अशी. आमच्या क्षेत्रातल्या जवळपास प्रत्येक पेपरमध्ये हे दोन आकडे भेटतील.

अर्धपारदर्शकतेलाही आकडा आहे. तोच नमुना एकदा पांढऱ्या आणि एकदा काळ्या पार्श्वभूमीवर मोजायचा आणि दोन्हींतला रंगफरक काढायचा. नमुना जितका आरपार, तितका फरक मोठा. हे वाक्य लक्षात ठेवा, मी ते विसरले होते.

ताकद हवी की प्रकाश?

संपूर्ण सिरॅमिकचा क्राऊन ही नवी कल्पना नाही. अमेरिकेत डेट्रॉइटचे दंतवैद्य चार्ल्स लँड यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यावर पोर्सेलिन भाजायला सुरुवात केली. दिसायला छान, पण ठिसूळ. १९६२ साली वाइनस्टाइन यांच्या पेटंटनंतर धातूच्या टोपीवर पोर्सेलिन चढवण्याची पद्धत रुळली. ताकद मिळाली, पण धातूतून प्रकाश जात नाही. तो झाकायला अपारदर्शक थर द्यावा लागतो आणि पुढे हिरडी मागे सरकली की कडेला काळपट रेघ दिसते. आपल्या घरातल्या मोठ्यांच्या दातांवर ही रेघ तुम्ही नक्की पाहिली असेल. १९६५ साली मॅकलीन आणि ह्यूज यांनी पोर्सेलिनमध्ये अ‍ॅल्युमिना मिसळून धातूशिवाय ताकद वाढवली. तिथून आजच्या सिरॅमिककडे वाट निघाली.

आज समोरच्या दातासाठी मुख्य स्पर्धक दोन.

लिथियम डायसिलिकेट ही काचेत स्फटिक वाढवलेली सिरॅमिक. स्फटिकांचा आणि भोवतालच्या काचेचा अपवर्तनांक जवळपास सारखा असल्यानं विकिरण कमी होतं आणि पदार्थ छान अर्धपारदर्शक राहतो. वाकवताना मोडेपर्यंत ती साधारण ३६० ते ४०० मेगापास्कल ताण पेलते. साधं पोर्सेलिन १००च्या आतच मोडतं.

दुसरा झिर्कोनिया. तीन मोल टक्के इट्रिया घातलेला झिर्कोनिया १००० मेगापास्कलच्याही पुढे जातो. त्याची युक्ती भन्नाट आहे. भेग पुढे सरकू लागली की तिच्या टोकाजवळचे स्फटिक आपली रचना बदलतात, आकारमानानं सुमारे ४ टक्के फुगतात आणि भेगेलाच दाबून धरतात. गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को यांनी १९७५ साली हे मांडताना झिर्कोनियाला 'सिरॅमिक पोलाद' म्हणावं का, असा प्रश्नच शीर्षकात टाकला होता. पण याचा अपवर्तनांक सुमारे २.२ आणि स्फटिकाच्या दिशेप्रमाणे तो बदलतो. त्यामुळे कणाकणाच्या सीमेवर प्रकाश विखुरतो आणि क्राऊन खडूसारखा दिसतो. इट्रिया पाच मोल टक्क्यांपर्यंत वाढवलं तर घन-रचनेचे स्फटिक वाढतात. त्यांचा अपवर्तनांक सर्व दिशांना सारखा, म्हणून प्रकाश जास्त जातो. पण हे स्फटिक फुगण्याची युक्ती करत नाहीत, म्हणून ताकद बरीच घसरते.

म्हणजे आरपारपणा वाढवला की ताकद कमी, आणि ताकद वाढवली की प्रकाश अडतो. आमच्या क्षेत्रातले निम्मे प्रबंध या ओढाताणीवर असतील. मीही तिथूनच सुरुवात केली होती.

लॅबमध्ये काय होतं?

पुण्यातल्या एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर एक डेंटल लॅब आहे. तिथले काका तीस वर्षं क्राऊन करतात. आठवड्यातून दोन दिवस मी त्यांच्या शेजारी बसते.

दवाखान्यातून दाताचं माप, फोटो आणि शेड येते. त्यासोबत आणखी एक नोंद हवी, ती म्हणजे कोरून उरलेल्या खुंटाचा रंग. मापावरून मॉडेल बनतं, त्यावर मेणात दात घडवतात. मग हे मेण उष्णता सोसणाऱ्या साच्याच्या मिश्रणात गाडतात, भट्टीत मेण जळून पोकळी उरते आणि तिच्यात सुमारे ९२० अंश सेल्सिअसला मऊ झालेली काच-सिरॅमिक दाबून भरतात. पंचधातूच्या मूर्ती ओततात तीच रीत. दुसरी वाट मशीनची. अर्धवट स्फटिक झालेला निळसर-जांभळा ठोकळा कोरायचा आणि मग साधारण ८५० अंशाला भाजायचा. भट्टीत जाताना जांभळा असलेला दात बाहेर येतो तेव्हा दाताच्या रंगाचा असतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवली होती. झिर्कोनिया मात्र खडूसारखा मऊ असताना कोरतात आणि १५०० अंशांच्या आसपास भाजतात. त्यात तो प्रत्येक बाजूनं साधारण पाचवा हिस्सा आकसतो, म्हणून मुद्दाम तेवढा मोठा कोरावा लागतो.

समोरच्या दातासाठी काम इथे संपत नाही. काका क्राऊनची पुढची बाजू कडेकडे थोडी खरवडून जागा करतात. तिथे डेंटिनमधले बोटांसारखे तीन उंचवटे, त्यांच्या फटींत निळसर पारदर्शक पावडर, वर दुधी इनॅमलची पावडर. पावडर द्रवात कालवून ब्रशनं लावायची, हलके ठोके देऊन दाबायची, टिश्यूनं पाणी टिपायचं आणि निर्वात भट्टीत साधारण ७५० अंशाला भाजायचं. हवा काढली नाही तर आत बुडबुडे राहतात आणि तेच प्रकाश विखुरतात. वरच्या थराचं औष्णिक प्रसरण आतल्यापेक्षा किंचित कमी ठेवावं लागतं, म्हणजे थंड होताना तो दाबाखाली राहतो. हिशेब उलटा झाला तर थर तडकतो. शेवटी पृष्ठभागावर शेजारच्या दातासारख्या बारीक आडव्या रेषा कोरायच्या. आरशासारखा गुळगुळीत दात लांबून ओळखू येतो.

माझी चूक

दुसऱ्या वर्षी माझ्याकडे चार महिन्यांची मोजमापं जमली होती. एक मिलिमीटर जाडीच्या चकत्या, वेगवेगळ्या काच-सिरॅमिक. एका जास्त आरपार सिरॅमिकचे आकडे इतके सुंदर होते की शेजारच्या दाताच्या छटेशी रंगफरक ०.८च्याही आत. इनॅमलच्या इतकी जवळ दुसरी कुठलीच नव्हती.

त्याच सुमारास एका कॉलेजच्या मुलीचं काम आलं. लहानपणी सायकलवरून पडून तिचा वरचा मधला दात दुखावला होता. रूट कॅनाल झालेलं आणि दात काळवंडलेला. मी उत्साहानं माझा तक्ता काकांपुढे ठेवला. ते म्हणाले, "मॅडम, आतला खुंट काळपट आहे. ही काच फार स्वच्छ आहे." मी त्यांना डेल्टा ई समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं, डॉक्टरांनीही करून बघू म्हटलं आणि क्राऊन माझ्या तक्त्याप्रमाणे झाला.

टेबलावर, पांढऱ्या कागदावर तो जिवंत वाटत होता. तोंडात तपासणीपुरता बसवला आणि राखाडी झाला. मुलीनं आरसा घेतला, बघितलं, ओठ मिटले आणि म्हणाली, "ठीक आहे." तिच्या वडिलांनी हळूच विचारलं की दुसरा करावा लागला तर पैसे वेगळे पडतील का. डॉक्टरांनी तो पक्का बसवला नाही आणि पैसेही वेगळे घेतले नाहीत. पण तो प्रश्न माझ्यामुळे विचारावा लागला होता.

काय चुकलं?

माझं यंत्र बरोबर होतं, आकडेही बरोबर होते. पण सगळ्या चकत्या मी पांढऱ्या फरशीवर ठेवून मोजल्या होत्या. तोंडात पांढरी फरशी नसते. कडेमागे तोंडातला काळोख असतो आणि बाकी क्राऊनमागे खुंट. सिरॅमिक जितकी आरपार, तितका तिच्या मागच्या गोष्टीचा रंग पुढे येतो. पांढऱ्यावर तिचा उजळपणा उसना होता. काळपट खुंटावर तो उतरला. आणि डोळा छटेपेक्षा उजळपणातला फरक आधी पकडतो.

त्याच चकत्या काळ्या आणि खुंटाच्या रंगाच्या पार्श्वभूमीवर पुन्हा मोजल्या, तेव्हा माझी लाडकी सिरॅमिक 'चालेल' या मर्यादेच्याही बाहेर गेली.

काकांनी दुसरा क्राऊन केला तो आत कमी पारदर्शक गाभा घेऊन, म्हणजे खुंट झाकला जाईल असा. आरपारपणा फक्त कडेला, पातळ थरात. शेजारच्या खऱ्या दातातही रचना तीच : आत झाकणारं डेंटिन, बाहेर आणि कडेला इनॅमल. मी सगळा दात इनॅमलचा करायला निघाले होते. या वेळी मुलगी आरसा घेऊन खिडकीपाशी गेली, उजेडात बराच वेळ बघत राहिली आणि मग पेरू कधीपासून खाता येईल ते विचारलं.

चार महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. मी जुना डेटा टाकून द्यायला निघाले तेव्हा माझे गाइड म्हणाले, "फेकू नकोस. ते आकडे वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहेत, एवढं स्पष्ट लिही." आता माझ्या प्रबंधाचा प्रश्न 'कुठली सिरॅमिक दातासारखी' असा नाही. 'किती जाडीला, कुठल्या रंगाच्या खुंटावर, कुठला गाभा खुंट झाकतो' असा आहे.

तुम्ही या विषयात उतरणार असाल तर

१. पार्श्वभूमी लिहा. काळी, पांढरी की दाताच्या रंगाची, आणि तिचे स्वतःचे एल, ए, बी आकडे. पेपर वाचतानाही आधी हेच शोधा.

२. जाडी मायक्रोमीटरनं मोजा. दशांश मिलिमीटरच्या फरकानंही अर्धपारदर्शकता हलते.

३. यंत्राची खिडकी किती मोठी ते बघा. अर्धपारदर्शक नमुन्यात शिरलेला प्रकाश बाजूला पसरून खिडकीबाहेर निघून जातो आणि यंत्र नमुना आहे त्यापेक्षा गडद सांगतं.

४. प्रकाशस्रोत नोंदवा. दुकानातल्या दिव्यात जुळलेला ब्लाउज पीस घरी उन्हात वेगळा निघतो, तसंच क्राऊनचंही होतं.

५. ताकद मोजताना सरासरीवर थांबू नका. ठिसूळ पदार्थ त्यातल्या सर्वांत घातक दोषापासून मोडतो, म्हणून वायबुल विश्लेषण शिका.

६. हातानं काम करणाऱ्या माणसाला तुमचा तक्ता दाखवा आणि तो काय म्हणतो ते लॅबच्या वहीत तारखेसह लिहा. काकांचं ते वाक्य मी लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं, तर 'फार स्वच्छ' म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला क्राऊन भाजण्याआधी पडला असता.

तुमचा विषय दातांचा नसेलही. बॅटरी असेल, माती असेल, नाहीतर जनुकं. तरी आज तुमच्या प्रयोगाच्या वहीत बघा : तुमचा नमुना जिथे प्रत्यक्ष वापरला जाणार आहे, तिथे त्याच्या मागे, खाली, भोवती काय असतं? आणि तुम्ही तो कशावर ठेवून मोजताय?

पुढच्या लेखात वायबुल विश्लेषण, तेही वहीवर हातानं सोडवता येईल अशा उदाहरणासह. तोवर टॉर्चचा प्रयोग घरच्यांच्या दातांवर करून बघा. आजीचा आणि भाच्याचा दात शेजारी-शेजारी बघितलात तर खूप काही दिसेल.